उंबऱ्याखालचा सूर्यभान

नगर, १२ ऑगस्ट १९४६

चि. मार्तंडास,

आशीर्वाद वगैरे तू गृहीत धर. आज माझ्याने ते लिहवत नाहीत.

जूनमध्ये टांग्यातून जे मडकं मांडीवर घेऊन तू माझ्याकडे आलास, ते ताबडतोब परत कर. माझ्याकडे नको, जिथून उचललंस तिथे. पुणतांब्याच्या पलीकडच्या वाडीत, कारभारी नावाच्या माणसाच्या दारात. त्या मडक्यात त्याचा मुलगा आहे.

हसू नकोस. काल सकाळपर्यंत मीही हसले असते.

काल इस्पितळातली गर्दी ओसरल्यावर एक जोडपं क्ष-किरणांच्या खोलीबाहेर येऊन बसलं. बाई विशीची, पाचवा महिना असावा. मला वाटलं, पोटाचं काही दुखणं घेऊन आली आहे. विचारलं तर म्हणते, "बाई, आमचं गाडगं हितं आनलं हुतं, पाटील म्हनला, फोटू काढाया. ते कुटं हाय?"

मी म्हटलं, कसलं गाडगं?

"लाल हाय. काळ्या रेगा हायेत त्याच्यावर. तोंडावर परळ झाकल्यालं हाय, शेनामातीनं लिपल्यालं. खांद्याला जरा चीर गेलीया."

चीर माझ्या लक्षात होती. मशीनखाली ठेवताना तू चार वेळा ओरडला होतास, अक्का, चिरेला धक्का नको.

मी त्या पोरीला समजावलं. चांगुणा तिचं नाव. तू मला जे सांगितलं होतंस तेच तिला सांगितलं, की बाई, ते मडकं बुद्धाच्याही आधीचं आहे, त्या काळचे लोक आपली लहान मुलं अशी मडक्यात घालून घरातच पुरत, त्यातलंच ते एक. मोठ्या शहाणपणाने सांगितलं. कारभारी खाली बघत होता. ती मात्र माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "न्हाई बाई. गेल्या सालच्या चैतात पुरलाय त्याला. पाच म्हैन्यांचा हुता. सूर्यभान नाव हुतं."

मी तुझी बाजू घेतली, मार्तंड. फौजदारासारखं उलट विचारलं, की त्याच्या अंगावर काय होतं ते सांग. वाटलं, आता अडखळेल.

"आंगावर काय न्हाई. कमरंला काळा करगोटा हुता. त्यात भोकाचा पैसा ओवल्याला. नजर लागू नगं म्हून आत्याबाईंनी बांधला हुता." आत्याबाई म्हणजे तिची सासू.

आता जून आठव. काळोख्या खोलीतून प्लेट धुऊन बाहेर आणली तर ती ओली असतानाच तू माझ्या हातातून ओढलीस, खिडकीशी धरलीस आणि ओरडलास, "कडं! अक्का, तांब्याचं कडं!" वॉर्डबॉयच्या देखत मला मिठी मारलीस. नऊ वर्षांत ज्याचं पत्र नाही, तो भाऊ मिठी मारतो म्हटल्यावर मला त्या प्लेटीत कडंच काय, सोन्याची द्वारकाही दिसली असती. असो.

काल ती प्लेट पुन्हा काढली. बाळाच्या कमरेच्या हाडांपाशी ते पांढरं वर्तुळ, मध्ये गोल भोक. माझ्या बटव्यातून एक भोकाचा पैसा काढला, नव्या फिल्मवर ठेवला, फोटो घेतला. दोन्ही प्लेटा शेजारी धरल्या. तीच रुंदी, तेच भोक. लढाईत तांब्याचा तुटवडा पडला म्हणून सरकारने हा पैसा काढला, अजून त्याला चार वर्षं व्हायची आहेत. बुद्धाच्या आधीच्या बाळाच्या कमरेला सहाव्या जॉर्जचा पैसा कसा गेला, हे तुझ्या पुण्याच्या पंडितांना विचार.

आणखी एक. त्या दिवशी माझ्याकडे जेवताना तू गंमत म्हणून सांगितलंस, की वाडीतल्या शेतकऱ्याला मडक्यात मोहरा आहेत असं वाटलं, "सायेब, ते आमचं हाय, नेऊ नगा" म्हणून तो मागेच लागला, मग पाटलाने त्याला दटावून बसवला. तो शेतकरी काल माझ्यासमोर होता. दाराची चौकट किडली म्हणून ती बदलायला त्याने उंबऱ्याचा धोंडा बाजूला केला होता. तेवढ्यात पाटील तुला टेकाड दाखवत तिथे आला. बायको माहेरी होती. मी त्याला विचारलं, अरे, त्यात माझं लेकरू आहे असं स्पष्ट का नाही बोललास? तर म्हणतो, "उंबऱ्याखालचं चारचौघांत बोलत न्हाईत, बाई. करनी करनारं लोक हाडकांसाठी टपल्यालं असत्यात. आमच्यात बोलायची रीतच न्हाई."

त्यांच्यात अंगावर पिणारं मूल गेलं की ते गावाबाहेर नेत नाहीत. उंबऱ्याखाली ठेवतात. आई रोज त्याच्यावरून ये-जा करते आणि ते पुन्हा तिच्या पोटी येतं, असं मानतात. तुला पटायची गरज नाही, मलाही पटत नाही. तिला मात्र दिवस राहिले आहेत, आणि तो जिथून यायचा ती जागाच तू उकरून नेलीस. बाळंतपणाच्या आधी तिला तो उंबऱ्याखाली परत हवा आहे. बाकी काही मागत नाही.

उलट टपाली कळव, की मडकं निघालं.

इंदूअक्का


नगर, ४ सप्टेंबर १९४६

चि. मार्तंडास,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. सख्ख्या बहिणीला! खाली सहीसुद्धा आडनावासकट. बाबा असते तर म्हणाले असते, बघा, या विष्णुपंताचा मुलगा मामलेदार झाला.

तू लिहितोस, "अक्का, तू भावनेच्या आहारी गेली आहेस." मडक्याची घडण, रंग, त्यावरच्या रेघा, टेकाडावर सापडलेली खापरं, सगळं जुन्या काळाकडे बोट दाखवतं, असं तुझं म्हणणं. वर्तुळ कशाचंही असू शकतं, नुसत्या सावलीवरून ठरवता येत नाही. जूनमध्ये त्याच सावलीवरून तू कडं ठरवलंस, तेव्हा मात्र येत होतं! आणि शेवटी लिहितोस, की खेडवळ लोकांना अशा वेळी काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं. ज्याचं मूल उचलून नेलं तो काय पदरात पाडून घेणार रे? त्याचं तर पदरातलंच गेलं.

चीड याची येते, की तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. मडकं जुनंच आहे. मी गेल्या रविवारी गाडीने पुणतांब्याला गेले, तिथून कारभाऱ्याच्या बैलगाडीने वाडीत. वाडी जुन्या गावाच्या पांढरीच्या टेकाडावर वसली आहे हे तुला माहीतच आहे. ती पांढरी माती लोक पिढ्यान् पिढ्या खणून शेतात टाकतात, भिंतींना लावतात. कारभाऱ्याची आई गोजरबाई मला म्हणाली, "आमच्या मामंजींना माती खनताना घावलं हुतं ते. साबूत निगालं म्हून घरात आनलं. चवळीचं बी ठिवायचो त्यात."

मी विचारलं, आजी, मग बाळाला त्यात का ठेवलंत? घरात कोरं मडकं नव्हतं?

म्हणाली, "व्हतं की. पन आताची मडकी लगीच फुटत्यात. हे लई दनकट. लेकराला घरातलं चांगलं द्यावं, का न्हाई?"

कळलं? मडकं बुद्धाच्या आधीचं असेलही. बाळ गेल्या वर्षीचं आहे. तू मडक्याचं वय मुलाला लावलंस. आजोबांच्या पितळी डब्यात आज वळलेले लाडू ठेवले म्हणून ते लाडू पेशवाईतले होत नाहीत, एवढं कळायला पुण्याची पदवी लागते का? जबड्यात दातांच्या कळ्या अजून आतच आहेत, मूल पाच-सहा महिन्यांचं असणार, हे मीच तुला प्लेट दाखवून सांगितलं होतं. तू ते मन लावून टिपून घेतलंस. माझं निम्मं सांगणं शास्त्र आणि निम्मं भावना, अशी वाटणी तू कोणत्या तराजूने केलीस?

चांगुणा आता घरात राहत नाही. नवी चौकट बसली, धोंडा परत लागला, पण ती उंबरा ओलांडायला तयार नाही. गोठ्यात निजते, तिथेच चूल मांडली आहे. गोजरबाई म्हणाली, "घरात याचं तर त्याला वलांडून याचं. आता कुनाला वलांडू, म्हनती." दिवसाला अर्धी भाकरी खाते. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त नाही. पायांना सूज आहे, बोट दाबलं की खळगा राहतो. मी परिचारिका आहे, मार्तंड. तुझ्या सासरच्यांच्या भाषेत, परजातीची घाण उपसणारी. अशा बाया नवव्या महिन्यात कशा येतात आणि कशा जातात, ते मी पाहिलं आहे. मुलाने परत येण्यावर माझा विश्वास नाही. पण आई जेवेनाशी झाली तर पोटातलं मूल जगत नाही, यावर आहे.

नवरा गेल्यावर मी शिकायला बाहेर पडले आणि घर तुटलं, तेव्हा तू लहान होतास, त्याचा राग मी तुझ्यावर धरला नाही. पण तुझ्या लग्नाच्या वेळी तू लहान नव्हतास. तेव्हा लिहिलं होतंस, "अक्का, परिस्थिती समजून घे, या वेळी येऊ नकोस." मी समजून घेतलं. नऊ वर्षं समजून घेतलं. पुण्यातल्या इस्पितळांत मशीन कमी आहेत का? तिथे पैसे पडले असते, प्रश्न झाले असते. अक्काकडे फुकट आणि तोंड बंद. एवढं कळूनही मी तुला पाटावर बसवून वाढलं.

आता तू समजून घे. या मडक्यावरचं तुझं व्याख्यान डिसेंबरात आहे. मडकं उघड, बाळ परत दे आणि मडकं हवं तर ठेव. गोजरबाईला मी विचारलं आहे. ती म्हणाली, "गाडगं घिऊ द्या. आमचं आमाला द्या." याहून कोणी काय सोडावं?

इंदूअक्का


नगर, २८ सप्टेंबर १९४६

मार्तंड,

तुझं उत्तर नाही. कानांवर हात ठेवले की ऐकू येत नाही, हा तुझा लहानपणचाच उपाय.

चांगुणाला परवा बैलगाडी आणि रेल्वे करत इथे आणलं. पोटात कळा येत होत्या. दोन दिवस वॉर्डात ठेवली, कळा थांबल्या. डॉक्टर म्हणाले, या खेपेला निभावलं. मी तिच्या उशाशी बसून पेज भरवली, तर निम्मी ओठांवरून परत. मला म्हणते, "बाई, त्यो आंदारात एकला असंल का वो?" मी म्हटलं, मडक्यात आहे, झाकलेला आहे, नीट आहे. पुण्यात कपाटात आहे, हे सांगवलं नाही. आणखीही काही सांगवलं नाही.

आता ऐक. सूर्यभानची प्लेट आणि शेजारी ठेवायची पैशाची प्लेट, दोन्ही मी जाड पाकिटात घातल्या आहेत. बरोबर तुझ्या संस्थेच्या प्रमुखांना पत्र लिहिलं आहे. सरळ, सभ्य भाषेत, आडनावासकट सही करून. वर पत्ता आहे, तिकीट आहे. पाकीट माझ्या टेबलावर आहे.

दसऱ्यापर्यंत वाट बघेन. मग ते रजिस्टर होईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कसं असतं, ते मग भर सभेत बघ.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, असं लिहिणार होते. खोटं का लिहू? रागाच्या भरातच लिहिते आहे. पण राग उतरला तरी पाकीट जाईल.

इंदू


नगर, १० ऑक्टोबर १९४६

मार्तंड,

तुझं पत्र काल आलं. या वेळी हाताने लिहिलेलं. "तू म्हणत होतीस ते खरं निघालं, अक्का," हे वाक्य मी तीनदा वाचलं. मला बरं वाटलं, आणि पुढचं वाचेपर्यंत ते टिकलं.

दार लावून, एकट्याने, रात्रभर बसून मडकं उघडलंस. करगोट्याचा दोरा कुजला होता, पैसा निघाला. त्यावर १९४४ साल. इथवर ठीक. त्यानंतर मला तार करायची की पुणतांब्याची गाडी पकडायची? एवढी बुकं वाचलेल्या माणसाला हेही सुचू नये?

तर नाही. तू भटजी बोलावलेस. कोऱ्या वस्त्रात अस्थी बांधल्यास, मुळा-मुठेच्या संगमावर गेलास आणि मंत्र म्हणून त्या सोडून दिल्यास. वर मला लिहितोस, "त्या अश्राप जिवाला सद्गती मिळाली. त्या बाईलाही ऐकून समाधान वाटेल. दक्षिणा मी माझ्या पदरची दिली."

कुणी विचारलं होतं तुला?

सद्गती! अरे, त्याने कुठे जाऊच नये म्हणून त्यांनी त्याला दारात ठेवला होता. आईच्या पायाखाली. रोज तिच्या पायांचा आवाज त्याला यावा म्हणून. तू त्याला गती दिलीस! इतकं मोठं पुण्यकर्म करताना घरी येऊन अंघोळ केली असशीलच, जानवंही बदललं असशील, आणि रात्री शांत झोपलाही असशील. चोर परवडला. चोराला निदान आपण चोरी केली हे ठाऊक असतं.

तान्ह्या मुलाला अग्नी नाही आणि पाणीही नाही, हे तुला कुणी शिकवायला हवं होतं का? तुझ्या पाठचा भाऊ दोन महिन्यांचा होऊन गेला. बाबांनी त्याला परसात विहिरीपलीकडे पुरला. आई जिवंत होती तोवर त्या जागेवर कुणाला बादली ठेवू दिली नाही. तुला आठवत नसेल, मला आठवतं. मीही एकदा तिथे धुणं आपटायला बसले तर तिने मला हात धरून उठवलं. तुझ्या आईची ती माया आणि चांगुणाची ती अडाणी समजूत?

पैसाही पाण्यात सोडलास म्हणतोस, "सोबतच असावा म्हणून." हे मात्र मला खरं वाटत नाही. त्यावर साल होतं म्हणून सोडलास. मडकं स्वच्छ करून काचेच्या कपाटात ठेवलं आहेस. आता व्याख्यान मडक्यापुरतंच करणार, आत बाळ होतं हे बोलणार नाहीस, म्हणजे सगळ्यांची अब्रू राहील. सगळ्यांची म्हणजे कुणाची रे?

आणि मग खरं काम. "प्लेट जपून ठेव, भाऊबीजेला येतो, घेऊन जातो. इतक्या वर्षांनी ओवाळून घेईन." नऊ भाऊबिजा कोरड्या गेल्या आणि दहावीला आठवण झाली, कारण घरात प्लेट आहे.

त्या बाईला मी काय सांगू? तूच लिही. तुझ्या त्या टाइपरायटरवर लिही, मी नेऊन वाचून दाखवते. हाडं कुठे आहेत ते लिही. घाटाची कोणती पायरी ते लिही.

इंदू


नगर, भाऊबीजेचा दुसरा दिवस

मार्तंड,

शेजारच्या पुष्पावतीबाई म्हणाल्या, की तू काल येऊन दार वाजवून गेलास, मिठाईचा पुडा त्यांच्याकडे ठेवून गेलास. पुडा त्यांच्या मुलांनी खाल्ला. मी घरी नव्हते, वाडीत गेले होते.

पाकीट बरोबर नेलं होतं. दसऱ्यालाच टाकणार होते, पण चांगुणाला सांगितल्याशिवाय ते पोस्टात टाकणं मला बरं दिसेना. तिचं मूल, तिला आधी कळायला हवं. ठरवलं, तिला सगळं सांगायचं, पाकीट दाखवायचं आणि परतताना पुणतांब्याच्या टपालात रजिस्टर करायचं. म्हणजे निदान म्हणता येईल, की बाई, ज्याने हे केलं त्याची लाज मी वेशीवर टांगली.

ती गोठ्याच्या दारात बसली होती. पोट खाली उतरलं आहे, चेहरा पिठासारखा. मी सांगितलं. जसं घडलं तसं, सजवलं नाही. गोजरबाईने डोक्याला हात लावला. कारभारी उठून बैलाशी गेला. चांगुणा रडली नाही. म्हणाली, "गंगंत सोडला? कंच्या गंगंत?"

पुण्याच्या, मी म्हटलं.

तुला माहीत आहे, वाडीतून गोदावरी दिसते आणि तिकडचे सगळे तिला गंगाच म्हणतात. चांगुणाने नदीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ती गंगा आमच्या गंगंला मिळती का, बाई? मंग त्यो फिरून हिकडं यील."

मार्तंड, आपल्या बाबांनी आपल्याला नकाशा भिंतीला लावून नद्या पाठ करून घेतल्या. मुठा मुळेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला. मी सगळं शिकलेली बाई, मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, नाही गं. ती दुसरीकडे जाते.

तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला. मी इतक्या बायांना रडताना पाहिलं आहे, पण काल मला तिथे उभं राहवेना. तुझा इतका राग आला, की तू समोर असतास तर मी हात उचलला असता. अजूनही उचलेन.

ती शांत झाल्यावर मी पाकीट काढलं. सांगितलं, की हा त्याचा फोटो, हा पैशाचा. हे मी त्या साहेबाच्या वरच्या साहेबाला पाठवते, मग त्याची खोटी इज्जत राहत नाही. कारभारी लगेच म्हणाला, "पाठवाच, बाई." चांगुणाने प्लेट मागितली. मी आकाशाच्या उजेडाला धरून दाखवली. आपण तिला प्लेट म्हणतो पण ती सेल्युलॉइडचीच, वाकते. तिने उलटी धरली होती, मी सुलटी करून दिली. हे डोकं, ही बरगडी, असं मी सांगायला लागले तर तिने मला हातानेच गप्प केलं. तिचं ती बघत होती. बोट न लावता बोट फिरवत होती. हाताची बारकी हाडं जबड्यापाशी गोळा झालेली आहेत, तिथे थांबली. "असाच निजायचा," म्हणाली. "मूठ तोंडाशी घिऊन." मग ते वर्तुळ पाहिलं. "आत्याबाई, ह्यो तुमचा पैसा."

मग म्हणाली, "बाई, ह्ये मला देता?"

मी तिला स्पष्ट सांगितलं. तिला फसवायचं नव्हतं. म्हटलं, पैसा पाण्यात गेला, हाडं पाण्यात गेली. त्याचा असा फोटो एवढा एकच आहे. हा तू घेतलास तर त्या साहेबाविरुद्ध माझ्या हातात काही राहत नाही. तो मिरवेल, हार घालून घेईल, आणि आपण तोंडात बोट घालून बघत बसू.

"मिरवू द्या की," ती म्हणाली. "त्येचं वाकडं झालं म्हून माझा सूर्यभान दारात यील का? ह्यात त्यो दिसतुया मला. मला ह्यो द्या."

मी दिली. चटकन दिली असं नाही. माझा हात मागे होता, हे तिलाही दिसलं असेल. तुला धुळीत लोळवायचं एवढ्या एका आशेवर मी महिनाभर झोपले-उठले होते, ती एका अडाणी पोरीने माझ्या हातातून काढून घेतली.

कारभाऱ्याने पहारीने धोंडा उचकटला. गोजरबाईने बाजारातलं नवं गाडगं आणलं, या वेळी तिने दणकट पाहिलं नाही. प्लेट मावेना, चांगुणाने ती हलक्या हाताने गुंडाळून आत सरकवली. वर परळ झाकलं, शेणामातीने लिपलं, धोंडा बसवला. मंत्र नाही, भटजी नाही. चांगुणाने उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, पदर खोचला आणि उजवा पाय टाकून आत गेली. आतून तिचा आवाज आला, "आत्याबाई, कालची भाकर हाय का वो?"

तेलात मीठ-मिरची कालवून तिने दीड भाकरी खाल्ली. मी मोजत नव्हते, पण लक्ष होतं.

मी विज्ञान शिकले आहे. फिल्मवर असते ती नुसती पडछाया, हे मी नव्या परिचारिकांना दर महिन्याला शिकवते. तरी मला बाहेरून आत बोलावलं तेव्हा माझाही पाय त्या धोंड्यावर पडला नाही. मी ओलांडूनच गेले.

तर तुझं निभावलं. संस्थेला पत्र जाणार नाही. तुझं ते कबुलीचं पत्र मी तुला उत्तर टाकल्यावर रागाने चुलीत घातलं होतं. नुसतं माझं पत्र गेलं असतं तर तू म्हणाला असतास, भावनेच्या आहारी गेलेली विधवा बहीण. वाच तुझा निबंध. छापून आल्यावर मला पाठवू नकोस. चांगुणाचं बाळंतपण मी इथे माझ्या देखत करवून घेणार आहे. त्या दिवसांत नगरला फिरकू नकोस. नंतरही नको.

निघताना ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. बैल जुंपेपर्यंत उभी होती. म्हणाली, "आज भाऊबीज. सनाचं घरदार सोडून आमच्यापायी आलासा. तुमाला भाऊ न्हाई का, बाई?"

या सगळ्या दिवसांत मी तिला सांगितलेलं नाही, की तो साहेब माझा कोण. आधी वाटलं, तू मडकं परत करशील, मग सांगायची वेळच येणार नाही. नंतर धीर झाला नाही. काल ती विचारत होती तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी वाट बघत होते, की आता आपण खोटं बोललो याचं वाईट वाटेल. नगर आलं, तरी वाटलं नाही.

इंदू